तब्येत

येळवशीला लातूर रिकामं होतं.
ट्यूशनच्या गल्लीत एक सायकल नाही,
मेसला कुलूप, चहावालाही शेतात गेलेला.
मी शिवकांताच्या स्कुटीवर मागं,
मांडीत आंबिलीची बिंदगी.
"नीट धर, सांडली तर सासू मलाच बांधावर पुरेल."
औशाच्या रस्त्यानं ताक हिंदकळत राहिलं
माझ्या पोटाला लागून.

कडब्याच्या कोपीत चुन्याचे पाच दगड.
सासूनं हात पुसले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
म्हणाली, "चांगली तब्येत झाली गं माय तुझी."

आमच्याकडं तब्येत झाली म्हणजे दुखणं गेलं.
तब्येत झाली म्हणजे अंग भरलं.
ती दोन्ही म्हणाली असेल.
मी नऊ वर्षं एकच ऐकत आले.

ज्या उन्हाळ्यात इथं रेल्वेनं पाणी यायचं
त्या उन्हाळ्यात मी सतरा वर्षांची होते.
हॉस्टेलात चौघींत दोन बादल्या.
अख्खं शहर मोजून पीत होतं,
मोजून धूत होतं, मोजून झोपत होतं;
माझं मोजणं त्यात कुणाला वेगळं दिसेल?
आधी सोमवार धरला. मग गुरुवार, चतुर्थी,
मग ज्या वारांना देवच नाही तेही.
मेसच्या मावशी कौतुकानं म्हणायच्या,
किती देवाधर्माचं लेकरू.
देवाला यातलं काही माहीत नव्हतं.
माहीत होतं ते खालच्या कॉटवरच्या नुसरतला.
उदगीरची. रमजानात एका संध्याकाळी
खजुराची बी तळहातावर ठेवून तिनं विचारलं,
"माझा रोजा आत्ता सुटला.
तुझा कधी सुटणार?"

पुढचं सांगण्यासारखं फार नाही.
संभाजीनगरची एसटी, एकाआड एक गुरुवार.
समोर बसून न बोलता जेवणारे अण्णा,
त्यांची दाढ दुखत असायची तरी
माझं ताट संपेपर्यंत चावत राहायचे.
बरं होणं इतकं कंटाळवाणं असतं
हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.
आणि गेल्या चैत्रात, सगळं सरळ चाललेलं असताना,
पुन्हा दोन महिने डबा तसाच घरी.
कारण? शोधलं. एवढं मोठं नव्हतं.

आता पत्रावळीवर भज्जी पडली.
तूर, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचा पाला, चिंच, डाळीचं पीठ,
जे जे त्या रानात हिरवं होतं ते सगळं एकात शिजलेलं.
यातलं काही सुटं करता येत नाही.
माझ्या आतला तलाठी लगेच बस्ता सोडून बसला,
घासाघासाची आणेवारी काढायला.
तो मेलेला नाही. त्याची बदलीही होत नाही.
एवढंच, की आताशा
त्याच्या पंचनाम्यावर मी सही करत नाही.
करत नाही म्हणजे, बहुतेक दिवस.

"वाढू का अजून?"
नको म्हणाले.
आणि नंतर बराच वेळ तपासत बसले
की हा नको माझा होता की त्याचा.
ज्वारीवरून वारा येत होता.
शिवकांताचा पोरगा उंड्याचे तुकडे करून
निम्मे स्वतःला, निम्मे कुत्र्याला देत होता.
मी हात पुढं केला. त्यानं कुत्र्याकडं पाहिलं,
मग मला एक तुकडा दिला.

शेताच्या कडेनं आंबील शिंपडून झाली.
येताना बिंदगी रिकामी, कोपरात अडकवलेली.
शिवकांता गाडी काढेपर्यंत
नुसरतला फोटो पाठवला उष्ट्या पत्रावळीचा.
मला वाटलं शाबासकी येईल,
किंवा तो जुना प्रश्न.
तिनं लिहिलं:
भज्जीत मीठ बरोबर होतं का?

थांबून आठवावं लागलं.

कमी होतं थोडं.